टेबल बारापर्यंत तुझं

कुवेतला मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बॅगेच्या हँडलचा हाताला चटका बसत होता. कंपनी राहण्याचे पैसे पगारात धरून देत असे, खोली आपली आपण शोधायची. गावच्या ओळखीने मला अबू हलीफातल्या एका फ्लॅटमध्ये जागा मिळाली होती. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका बुटक्या, रुंद खांद्याच्या माणसाने. लुंगी, बनियन, डोळ्यांवर चष्मा, आणि त्या चष्म्याची एक काडी तांब्याची. एसीच्या मशीनमधली बारीक नळी वाकवून त्यांनी ती कानामागे बसवली होती. मी नमस्काराला वाकलो तर त्यांनी हात आडवा धरला.

"उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको. आधी वाच, मग सही कर, मग आत ये."

हातात पुठ्ठ्याला लावलेला एक कागद आला. वर मथळा: राहण्याची व जेवणाची व्यवस्था. खाली मोत्यासारख्या अक्षरात बारा कलमं. पहिलं कलम, आपण या देशात पाहुणे आहोत, इथल्या राजकारणावर या घरात बोलायचं नाही. त्यापुढचं मी वाचलंच नाही. रात्रभर जागलो होतो, आतून एसीची गार झुळूक पायांवर येत होती. सही ठोकली आणि कागद परत दिला.

"सातवं कलम काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी दार लावून घेतलं.

मी जिन्यात बॅगेवर बसून बाराच्या बारा कलमं वाचली, सातवं दोनदा वाचलं आणि मग बेल वाजवली. सातवं कलम होतं: संशय आला म्हणून कुणाची गादी उलटायची नाही, पुरावा लागेल. ते म्हणून दाखवल्यावर दार पुरतं उघडलं. आत पंख्याखाली बसवून, पाणी देऊन मग त्यांनी कारण सांगितलं. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधली काही माणसं धर्मापायी होणाऱ्या छळाला कंटाळून जहाजाने अमेरिकेला निघाली. किनारा लागला, पण उतरायच्या आधी त्यांनी जहाजातच एक कागद केला. देवाला साक्षी ठेवून आपण सगळे एक होतो, सगळ्यांच्या भल्याचे नियम करू आणि ते पाळू. त्यावर सह्या झाल्या, मगच पाय जमिनीला लागले.

"उतरल्यावर उशीर होतो," ते म्हणाले. "उतरल्यावर ज्याच्या हातात काठी, त्याचा नियम. म्हणून सही दारात."

मला वाटलं, उन्हाने माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

त्यांना आम्ही सगळे नुसतं काका म्हणायचो. एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत ते एसी दुरुस्तीचं काम करत. वर्षं किती झाली ते त्यांनाही बोटांवर मोजावं लागे. शाळेने एकदा जुनी पुस्तकं काढून टाकली, त्यांतलं आठवीच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक काकांनी उचललं. कव्हर फाटलेलं. मागचं अर्धं पुस्तक एसीच्या गळक्या पाण्याने भिजून विटेसारखं चिकटलेलं. पुढचं अर्धं शाबूत होतं, आणि त्यात एवढंच होतं की अमेरिकेचं सरकार बनवणाऱ्यांनी कुणाकुणाकडून काय काय उचललं. ग्रीकांकडून काय, रोमनांकडून काय, ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतून काय, इंग्लंडच्या कायद्यातून काय. काका स्वतः आठवी पास. डिक्शनरी घेऊन, रोज अर्धं पान, असं त्यांनी ते वाचून काढलं. नंतरच्या अमेरिकेचं त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. मोबाईलवर बातम्या बघून कुणी म्हणालं, "काका, बघा तुमची अमेरिका," की ते तांब्याची काडी सारखी करत म्हणायचे, "माझ्या पुस्तकात अजून ते आलं नाही."

फ्लॅट दोन बेडरूम आणि एक हॉल, माणसं आठ. भाडेकरार काकांच्या नावावर. म्हणजे रीतीप्रमाणे ते राजे. इतर फ्लॅटमध्ये ज्याच्या नावावर करार, तो खिडकीजवळची गादी घेतो, टीव्हीचा रिमोट उशीखाली ठेवतो आणि ज्याच्याशी पटलं नाही त्याला महिनाअखेर बॅग भरायला सांगतो. मी असे फ्लॅट पाहिलेत. आमचे काका दाराजवळच्या गादीवर, जिथे सगळ्यांचे बूट. आणि कुठलाही विषय निघाला की सांगायचे, "मी शेवटी बोलेन. करार माझ्या नावावर आहे. मी आधी बोललो तर तुम्ही माना डोलवाल."

नियमाचं बोलताना काका शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलत. रागावले की मालवणीवर येत. त्यामुळे प्रकरण कुठवर आलंय ते बाथरूममधूनही कळायचं.

मी यायच्या आधी म्हणे त्यांनी अथेन्स करून पाहिलं होतं. अथेन्समध्ये टेकडीवर सगळे नागरिक जमत आणि हात वर करून ठरवत, म्हणून आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी कालवण कशाचं, यावर मतदान. आठांपैकी सातजण सिंधुदुर्गातले. आठवा भास्कर, लातूरकडचा वेल्डर, शाकाहारी, शांत माणूस. रोज सात विरुद्ध एक. तीन आठवडे रोज मासे. भास्कर तीन आठवडे खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि शेंगदाण्याची चटणी खात होता. एक दिवस त्याने हात वर केला.

"काका, ते अथेन्सवाले मतदानाला टेकडीवर जायचे, तेव्हा त्यांच्या घरी भाजी कोण चिरत होतं?"

काकांनी पुस्तक उघडलं. खोटं सांगायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बायका आणि गुलाम."

"त्यांना मत?"

"नव्हतं."

"आणि आपल्याकडं भाजी कोण चिरतंय?"

"आपणच."

"मग आपण त्यांच्या पुढं गेलेलो की हो. आता जरा अजून पुढं चला. जो एकटा आहे त्याचं पण बघा."

त्या दिवशी बारावं कलम लिहिलं गेलं: एकटा असला तरी त्याच्या ताटात त्याचं जेवण पाहिजे, हे मतदानाने बदलता येणार नाही. काकांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

अथेन्सनंतर रोम. बाजाराला दर महिन्याला दोन प्रमुख निवडायचे, आणि एकाने दुसऱ्याला "नाही" म्हटलं की ते नाहीच. रोममध्ये तसंच होतं, कुणा एकाचं डोकं फिरू नये म्हणून. पहिले दोन प्रमुख निवडून मासळी बाजारात गेले. एक म्हणाला सुरमई, दुसरा म्हणाला नाही. दुसरा म्हणाला बांगडे, पहिला म्हणाला नाही. तासाभराने दोघे अंडी घेऊन आले. काका खूश. "उशीर झाला, पण कुणाचं डोकं फिरलं नाही."

हसण्यासारखंच होतं हे सगळं. मीही हसत असे. फक्त एका प्रसंगी हसलो नाही, आणि तोच सांगायला मी बसलोय.

आधी माझं सांगतो. माझे वडील चिऱ्याच्या खाणीत चिरे काढत. आई काजूच्या कारखान्यात. बारावीनंतर मी आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो, कारण कॉलेजला तीन वर्षं घालवणं आमच्या घराला जमणारं नव्हतं. पण कुवेतला येताना मी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरून आलो होतो. विषय राज्यशास्त्र. पुस्तकं पोस्टाने घरी येत, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर मला मिळत. परीक्षा वार्षिक सुट्टीत गावी जाऊन द्यायची. आमच्या घरात कॉलेजचं सर्टिफिकेट आणलेला मी पहिला. हे मी दहाजणांना सांगतो आणि अकराव्याने विचारलं नाही तरी सांगतो.

पहिल्या वर्षी मी नापास झालो. तीन विषय गेले. कारण साधं होतं. पहाटे पावणेपाचला ड्युटीची बस, संध्याकाळी सातला परत, अंगाचं लाकूड झालेलं. सुट्टी फक्त शुक्रवारी. शुक्रवारी बेडरूममध्ये रात्रपाळीवाले झोपलेले. जिन्यात बसलो तर इमारतीचा राखणदार, त्याला इथे हारिस म्हणतात, तो उठवायचा. राहिला हॉल, आणि हॉलमध्ये एकच टेबल. त्यावर शुक्रवारी सकाळी आठपासून कॅरम. नंदूचा कॅरम.

नंदू शटरिंगचा सुतार. मालवणचा. आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या लोकांना त्याची क्वीन कधी गेली ते कळावं. आठवड्याचे सहा दिवस तो उन्हात फळ्या ठोकी, सातव्या दिवशी सकाळी पावडर टाकून टेबलाशी बसला की त्याचा चेहराच बदले.

पुढच्या परीक्षेत पुन्हा नापास झालो तर फी भरून तेच सगळं परत, आणि घरी वडील म्हणणार, "जमत नसेल तर सोड मरे." माझ्या मनात सोडायचंच आलं होतं. शेवटचा उपाय म्हणून मी काकांना एकटं गाठलं.

"काका, शुक्रवारी सकाळी चार तास टेबल मला द्या. करार तुमच्या नावावर आहे. तुम्ही सांगितलं तर कुणी नाही म्हणणार नाही."

"म्हणून तर मी सांगणार नाही."

"म्हणजे?"

"मी दिलं, तर ती माझी मेहेरबानी. उद्या माझं तुझ्याशी बिनसलं की मी काढून घेईन. नाहीतर माझ्या जागी दुसरा येईल, तो काढून घेईल." त्यांनी बोट वर केलं. "इंग्लंडच्या सरदारांनी राजाला नदीकाठच्या कुरणात गाठलं, तेव्हा त्यांनी काय मागितलं? राजा, आमच्यावर दया कर, असं नाही मागितलं. लिहून दे म्हणाले. शिक्का मार म्हणाले. मॅग्ना कार्टा. त्यात सरदारांनी स्वतःपुरतंच बघितलं, ते सोड. पण राजाही कायद्याखाली, ही गोष्ट तिथून निघाली आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. कृपा मागू नको. कलम माग."

"आणि नाही मिळालं तर? मी नापास होऊ?"

"कलम बदलायला आठातले सहा लागतात. तू पाच गोळा कर. सहावा तू."

"आणि तुमचं मत?"

"मी शेवटी बोलेन."

मला इतका राग आला की दोन आठवडे मी त्यांच्याशी बोललो नाही. माझ्या आयुष्याचा प्रश्न आणि ह्यांना आठवीच्या पुस्तकातला राजा सुचतो. ते मात्र रोज माझ्या डब्यात लोणच्याची फोड ठेवत होते. मी खात होतो, पण बोलत नव्हतो.

शेवटी गरज माझी होती. एकेकाकडे गेलो. भास्कर लगेच हो म्हणाला, "बारावं कलम माझ्यासाठी झालं, तेराव्यात तू सुद्धा मावशील." एकाला लायसन्सचा फॉर्म इंग्रजीत भरून हवा होता. दुसऱ्याच्या बायकोला विमा कंपनीला पत्र लिहायचं होतं. मी लिहिलं. राजकारण म्हणतात ते हेच असावं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पण बाकीच्यांची नजर नंदूकडे. कॅरम नंदूचा, आणि उरलेले दोघे नंदूचे.

"तू शिक रे, कोण नाय म्हणता?" नंदू म्हणाला. "पण माझो एक दिस सुट्टीचो. तो तू खाल्लंस तर माका काय रवला?"

 तो खरं बोलत होता. माझ्या अभ्यासाइतकाच त्याचा शुक्रवार खरा होता.

मग मला सुचलं की कॅरमला टेबलच कशाला हवं? बेडरूमच्या पॅसेजमध्ये बुटकं स्टँड बसेल, खाली सतरंजी, चौघे मांडी घालून खेळतील. मी अम्गऱ्याला गेलो, तिथे भंगाराची आवारं आहेत. जुन्या शटरिंगची प्लायवूड आणि चार पट्ट्या घेऊन आलो. दोन संध्याकाळी खपून स्टँड केलं. वर दिवा पण लावला, छतापासून वायर सोडून, शेड घालून. दिवा झकास झाला. तो माझा धंदा.

नंदूने स्टँडकडे बघितलं. चारी बाजूंनी फिरला. खाली बसून एका पायाला बोट लावलं. स्टँड हललं.

"ह्ये पाय की बकरीची पिल्लां?"

"अरे, बसतंय ना..."

"गप. खिळो असो मारतत? काटकोन खंय आसा हेचो? ह्या मी माझ्या घरात ठेवूचंय? लोक काय म्हणतले, नंदू सुताराच्या खोलीत ह्या!" त्याने दोन मिनिटांत माझं स्टँड सुटं केलं. मग स्वतःची करवत काढली, रंधा काढला, दुसऱ्या दिवशी साईटवरून चांगल्या पट्ट्या मागून आणल्या आणि चार संध्याकाळी असं स्टँड बनवलं की वर हत्ती बसवावा. कडेला सोंगट्या ठेवायचे चार कप्पे. मी मुद्दाम वाईट केलं होतं असं तो आजही सगळ्यांना सांगतो. मी मुद्दाम केलं नव्हतं. मला सुतारकाम येत नाही.

स्टँड झाल्यावर त्यावर खेळणं भाग होतं, कारण इतकं चांगलं झालं होतं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी बैठक बसली. आमच्या घरात कलम मंजूर व्हायची एक रीत होती आणि ती पुस्तकातली नव्हती. काका म्हणायचे की त्या जहाजावरच्या लोकांनी देवाला साक्षी ठेवलं, कारण त्यांच्या धर्मग्रंथात राजाच्याही वर देवाचा कायदा होता, राजा चुकला तर त्याला तोंडावर सांगणारी माणसं होती. मग आपण कुणाला साक्षी ठेवायचं? आपल्याला गाऱ्हाणं येतं. गावच्या देवळात सगळे हात जोडून उभे राहतात, एकजण देवापुढे मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात, तसं. काका हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सातजण, भास्करसुद्धा. तो आता आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडत असे.

"आज तुझी लेकरां ह्या परक्या मुलखात एक नियम करतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर शुक्रवारी सकाळी आठ ते बारा ह्या टेबल अभ्यासाचां. जो कोण ह्या घरात शिकात, तेचां!"

"व्हय म्हाराजा!"

हात वर झाले. सात. मग काका शेवटी बोलले. त्यांनी कागदावर तेरावं कलम लिहिलं आणि पेन खाली ठेवण्याऐवजी अजून एक ओळ लिहिली: भाडेकरार ज्याच्या नावावर, त्यालाही हे लागू. मग आपला हात वर केला.

मला तेव्हा ती ओळ फालतू वाटली.

परीक्षेला गावी जायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. माझी तयारी अजून अर्धवट होती. सकाळी आठला मी टेबलाशी बसलो, कानात कापूस. पंखा, पुस्तक, चहा. पावणेदहाच्या सुमाराला कापूस काढून पाणी घ्यायला उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकलो.

काका आत तेलाच्या उलट्या डब्यावर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, कपाळाला गंध. समोर तांदळाच्या पोत्याला टेकवून मोबाईल. मोबाईलमध्ये त्यांचं गावचं घर, माणसांनी भरलेलं, आणि मधे हिरव्या साडीतली त्यांची मुलगी. तिचा साखरपुडा होता. आम्हाला शनिवारी सांगणार होते म्हणे, पेढे वाटताना. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून आधी बोलले नव्हते.

"बाबा, तुम्ही किचनमध्ये कित्याक बसलात?" मोबाईलमधून मुलगी विचारत होती. "मागे मिरचेची बरणी दिसता. पावण्यांका काय वाटात?"

"हॉल बिझी आसा गो."

"तुमच्याच घरात?"

मी आत शिरलो. "काका, उठा. टेबलावर या. हॉलमध्ये उजेड आहे, नेट चांगलं आहे. मी उठतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं. "किती वाजले?"

"पावणेदहा."

"टेबल बारापर्यंत तुझं."

"अहो, मीच देतोय ना!"

"तू मनाने देतोयस. पण मी करारवाला. माझ्यासमोर तुला नाही म्हणता येणार नाही, म्हणून तुझं हो मला धरता येत नाही. कलमात सूट लिहिलेली नाही."

आवाज ऐकून नंदू, भास्कर आणि अजून दोघे आले. दोघे ओव्हरटाइमला गेले होते. नंदूला सगळं कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "मतदान घेया. एका शुक्रवारपुरती सूट. आत्ता. हात वर!"

पाच हात वर झाले. सहावा हात काकांचा असता, तर सूट मिळाली असती. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"काका, हात!"

"माझ्याच फायद्याच्या गोष्टीत मी मत देणार नाही. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश नसतो. ही इंग्लंडची जुनी रीत आहे."

"इंग्लंडाच्या रीतीक घाल चुलीत!" नंदू ओरडला. "चेडवाचो साखरपुडो तो!"

मोबाईलमधून भटजींचा आवाज आला, "यजमान, मुहूर्त चालला!"

मी त्या माणसाकडे बघत होतो. करार त्यांचा, घर त्यांचं, मुलगी त्यांची, आणि टेबल दहा पावलांवर. राजाही कायद्याखाली, हे वाक्य मी पुस्तकात वीस वेळा वाचलं होतं, खाली रेघ मारली होती. ते कसं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. ते तेलाच्या डब्यावर बसलेलं असतं आणि त्याच्या मागे मिरचीची बरणी असते.

 मी तिथेच काकांच्या शेजारी खाली बसलो. नंदू ओट्याला टेकून उभा राहिला. भास्कर गॅस सिलिंडरवर. बाकीचे दोघे दारात. आठ बाय सहाच्या त्या खोलीत आम्ही सहाजणांनी साखरपुडा बघितला. अंगठी घातली तेव्हा भास्करने डब्यातली साखर काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. काकांनी चष्मा काढून पुसला, तेव्हा तांब्याची काडी निघून खाली पडली. नंदूने ती उचलून शर्टाला पुसली आणि परत बसवून दिली.

हॉलमध्ये टेबल रिकामं होतं. पंखा चालू होता, माझ्या पुस्तकाची पानं उलटत होती. तिथे कुणी बसलं नाही.

सव्वादहाला फोन बंद झाला. मी तिथेच रेंगाळलो तर काका मालवणीवर आले. "काय बघतंस? पावणेदोन तास रवले तुझे. जा मरे!"

मी गेलो आणि पावणेदोन तास वाचलं. त्या पावणेदोन तासांइतकं मन लावून मी नंतर कधी वाचलं नाही. राज्यशास्त्राच्या पेपरात अमेरिकेच्या शासनव्यवस्थेवरच्या प्रभावांचा प्रश्न होता. आजूबाजूची पोरं पाठ केलेलं आठवत होती. मला आठवायचं काही नव्हतं, आमचं ते सगळं खाऊन, भांडून, हात वर करून झालेलं होतं. त्या वर्षी माझे गेलेले विषय धरून सगळे सुटले. आणि दोन वर्षांनी बी.ए. वडिलांनी सर्टिफिकेट हातात घेतलं ते दोन्ही बाजूंनी बघितलं, मागची बाजू कोरी बघून विचारलं, "हय काय लिवतले?" मी म्हटलं, ते आता मी लिहायचं.

काका मागच्या वर्षी कायमचे गावी गेले. जाताना पुस्तक माझ्या हातात दिलं. "मागची पानं सुटतायत का बघ. सुटली तर मला सांगू नको. मी जेवढं वाचलं तेवढं मला पुरलं." मी इस्त्रीची वाफ देऊन एकेक पान सोडवतोय. बरीच सुटली. त्यांत भांडणं आहेत, एक मोठं युद्ध आहे, आणि ज्यांना सुरुवातीला दाराबाहेर ठेवलं होतं ती माणसं एकेक करून आत येताना दिसतात. फार वर्षं लागली त्यांना. अजून काही पानं चिकटलेली आहेत.

काकांना मी फोन करतो तेव्हा ते तब्येत नंतर विचारतात. आधी विचारतात, "टेबल सध्या कुणाचं?" सध्या ते नंदूचं आहे. हसू नका. त्याने दहावीचा फॉर्म भरलाय बाहेरून. कॅरमच्या स्टँडवर आता भास्कर आणि मंडळी हळू आवाजात खेळतात, आणि क्वीन गेली की नंदू आतून ओरडतो, "गप बसा रे, बारा वाजूचे आसत!"

भाडेकरार आता माझ्या नावावर आहे. मी कंपनीत इलेक्ट्रिकलचा सुपरवायझर झालो, पण गादी दाराजवळचीच घेतली. परवा दुपारी बेल वाजली. वफ्ऱ्याच्या शेतावर बारा वर्षं काढून आलेला, चाळिशीचा, उन्हाने काळवंडलेला पंपाचा मिस्त्री. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. मी हात आडवा धरला आणि पुठ्ठा पुढे केला.

त्याने माझ्यासारखी घाई केली नाही. बोट फिरवत एकेक ओळ वाचली. तेराव्या कलमापाशी बोट थांबलं.

"भाडेकरार ज्याच्या नावावर, त्यालाही हे लागू," त्याने मोठ्याने वाचलं. "ही ओळ भाडेकऱ्यांनी घालायला लावली?"

"नाही. ज्याच्या नावावर करार होता, त्याने स्वतः घातली."

 त्याने बॅग उंबऱ्याच्या बाहेरच खाली ठेवली आणि पेनासाठी हात पुढे केला.